भिगवणचे फ्लेमिंगो: बोटीतून फोटो काढायचे तर कुठल्या क्रमाने काय करायचं

दर सीझनला ओळखीतले चार-पाच जण भिगवणला जाऊन येतात आणि मग फोटो दाखवतात, आणि फोटो सगळ्यांचे सारखेच असतात. पाठमोरे उडणारे फ्लेमिंगो, करडं आभाळ, चोच धूसर, पाय कापलेले. लेन्स दीड लाखाची असली तरी हेच आणि साधा झूम कॅमेरा असला तरी हेच. चूक कॅमेऱ्याची नसते, बोट कुठल्या बाजूने आणि किती वाजता पक्ष्यांकडे गेली तिथेच फोटो बिघडलेला असतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, कॅमेरा नवीन असलेल्यांसाठी जास्त.

१. आधी पाणी बघा, मग तारीख ठरवा

भिगवण म्हणजे उजनी धरणाचं बॅकवॉटर. फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित, काही जण अग्निपंख म्हणतात, हा उथळ पाण्यात चिखल ढवळून मान उलटी करून खाणारा पक्षी. धरण तुडुंब असलं की उथळ पाणी आणि गाळाचे पट्टे पाण्याखाली असतात, मग तो उतरणार कुठे? त्यामुळे पाऊस जोरदार झाला त्या वर्षी डिसेंबरमध्ये जाऊन "एकही दिसला नाही" म्हणणारे खूप असतात. धरणाचं पाणी शेतीला सुटायला लागलं, काठ उघडे पडायला लागले की पक्षी उतरतात. साधारण जानेवारीचा शेवट ते मार्च हा माझ्या मते चांगला काळ, कमी पावसाच्या वर्षी त्याच्याही आधी.

उजनीची टक्केवारी पेपरात येत असते, ती बघत राहा. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यात जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी, म्हणून उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये" अशी बातमी वाचायला मिळते. टक्केवारी सावकाश खाली येत असली म्हणजे तुमची वेळ जवळ आली.

शनिवार-रविवार शक्यतो टाळा. सुट्टीच्या दिवशी एकाच थव्याभोवती बऱ्याच बोटी जमतात आणि मग तुम्ही कितीही शहाणपणाने वागलात तरी दुसरी बोट थवा उडवून मोकळी होते. मंगळवार-बुधवारी एक रजा टाकली तर तीच फेरी दुप्पट फळते.

तपासा: निघायच्या दोन दिवस आधी नावाड्याला फोन केला का? हे वगळून पुढे जाऊ नका.

२. नावाड्याशी फोनवर बोलणं, हीच खरी तयारी

कुंभारगाव, डिकसळ, डाळज या बाजूला बोटी मिळतात. नावाडी बहुतेक तिथलेच मासेमारी करणारे, जन्म त्या पाण्यावर गेलेला, त्यांना पक्षी आज कुठे आहेत हे तुमच्या-माझ्यापेक्षा शंभर पटीने माहीत असतं. पण आपण विचारतो काय, तर "दादा, फ्लेमिंगो आहेत का?" यावर उत्तर "आहेत, या" असंच येणार. असं विचारा:

दादा, थवा आत्ता कुठल्या बाजूला बसतोय, आणि सकाळी तिथे पोचायला किती वेळ लागतो? पक्ष्यांजवळ गेल्यावर इंजिन बंद करून बांबूने बोट न्याल का? लाइफ जॅकेट आहेत का, किती जणांची? उजाडायच्या आधी पाण्यात उतरता येईल का? आणि पैसे तासावर की फेरीवर, हेही तेव्हाच ठरवा, काठावर उभं राहून घासाघीस करण्यात सकाळचं ऊन निघून जातं.

एका बोटीत फोटो काढणारे चार, त्याहून जास्त नकोत. दोन असले तर उत्तम. सहा जण बसले की एकाने फोटो काढायचा आणि पाच जणांनी त्याचं डोकं बघायचं असं होतं, शिवाय सगळे एका अंगाला वळले की बोट कलते.

इशारा: लाइफ जॅकेट नसेल तर त्या बोटीत बसू नका. मे २०२४ मध्ये याच उजनीच्या पाण्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वरून पाणी संथ दिसतं, पण वारा सुटला की लाटा उठतात, आणि तळाला गाळ आणि मासेमारीची जाळी. पोहता येतं म्हणून जॅकेट नको हा विचार तिथे कामाचा नाही. फ्लेमिंगो उथळ पाण्यात उभे असतात तेवढ्यावरून खाली उतरून चालत जाऊ असंही कुणी मनात आणू नये, पक्षी हलका असतो, आपला पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

३. आदल्या रात्री कॅमेरा लावून ठेवा

बोटीत बसून मेनू शोधणारा माणूस मी दर वेळी बघतो. पहाटे बोटं गारठलेली, अंधार, बोट हलतेय, अशात सेटिंग होत नाही. घरीच करा.

लेन्स कुठली हवी यावर लोक फार झुरतात. हिशोब करून बघा. क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ३०० एमएम लेन्स असेल तर ५० मीटरवर फ्रेमची उंची साधारण अडीच मीटर येते. फ्लेमिंगो उभा असताना सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे निम्मी फ्रेम भरली. एवढ्यात पाण्यातलं प्रतिबिंबही मावतं. ७०-३०० वाल्यांनी काळजी करायचं काम नाही, १५०-६०० असेल तर लांबूनच काढता येईल एवढाच फायदा, आणि तो फायदा पक्ष्यांपासून लांब राहण्यासाठी वापरावा.

माझी सुरुवातीची सेटिंग अशी:

मोड मॅन्युअल, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो आणि त्याची वरची मर्यादा ३२००. अपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) एफ/६.३ ते एफ/८. शटर (किती वेळ उघडं) उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० सेकंद, बसलेल्याला बोटीतून १/१०००. जमिनीवर १/५०० चालून जातं पण बोट कधीच पूर्ण थांबत नाही हे विसरायचं नाही. मॅन्युअलची भीती वाटत असेल तर शटर प्रायॉरिटी लावा (शटर तुम्ही ठरवायचं, अपर्चर कॅमेरा ठरवतो), काही बिघडत नाही.

फोकस सतत चालणारा, म्हणजे निकॉन-सोनीवर एएफ-सी आणि कॅननवर एआय सर्वो किंवा नुसतं सर्वो. अर्ध्या लोकांचे फोटो इथेच मरतात, कारण कॅमेरा दुकानातून येतो तसा बहुतेक वेळा वन-शॉटवर, म्हणजे एकदाच फोकस करून थांबणाऱ्या मोडवर असतो, पक्षी पुढे जातो आणि फोकस मागच्या पाण्यावर राहतो. नव्या मिररलेसमध्ये पक्ष्यांचा डोळा ओळखायची सोय असते ती चालू करा, पण दाट थव्यात ती भलत्याच पक्ष्यावर उडी मारते, तेव्हा मधला छोटा फोकस पॉइंट वापरायचा.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. जेपेगमध्ये गुलाबी-पांढऱ्या पिसांवरचा जळका भाग परत आणता येत नाही. कार्ड रिकामं करून फॉरमॅट, बॅटरी दोन.

ट्रायपॉड घरी ठेवा. बोटीच्या लाकडाची सगळी थरथर तो कॅमेऱ्यात चढवतो आणि जागाही अडवतो. त्याऐवजी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून त्यात दोन किलो तांदूळ किंवा राजमा भरा, ती बोटीच्या कडेवर ठेवून लेन्स टेकवायची. एक पंचा, एक मोठी प्लास्टिक पिशवी, कानटोपी. कपडे मळखाऊ रंगाचे, पांढरा आणि लालभडक नको.

तपासा: घराच्या गॅलरीतून उडणाऱ्या कबुतराचे किंवा घारीचे पन्नास फोटो काढा. त्यातले दहा तरी धारदार आले का? नसतील तर भिगवणलाही येणार नाहीत, आठवडाभर रोज पंधरा मिनिटं घारीवर हात बसवा. घार संथ उडते, शिकायला तिच्यासारखा पक्षी नाही.

४. उजाडायच्या आधी बोटीत

जानेवारीत सूर्य सातच्या जरा पुढे उगवतो, मार्चमध्ये पावणेसातच्या आसपास. तुम्ही त्याच्या अर्धा तास आधी पाण्यावर असायला हवं. पुण्यातून शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे, सोलापूर हायवेने भिगवण ओलांडून डावीकडे आत, म्हणजे चारच्या सुमारास निघा. मला विचाराल तर आदल्या रात्रीच गावात मुक्काम करावा, जेवायला चिलापी आणि भाकरी, आणि सकाळी झोपेत गाडी चालवायची जोखीम नाही.

"आधी चहा-पोहे, मग जाऊ" हे नको. नऊ-साडेनऊनंतर ऊन वर चढतं, गाळ आणि पाणी तापायला लागतं आणि त्यातून उठणाऱ्या हवेने लांबचा पक्षी वितळल्यासारखा दिसतो. हा धूसरपणा कुठल्याच लेन्सने जात नाही, कितीही महाग घ्या. फोटो मऊ आला म्हणून लेन्स सर्व्हिसला टाकणारे लोक मी पाहिलेत आणि फोटोची वेळ बघितली तर अकरा.

बसताना बोटीच्या तळाला बसा, फळीवर नाही आणि उभं तर अजिबात नाही. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ तितका पक्षी समोरासमोर दिसतो आणि मागचं पाणी छान विरघळतं. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी वरून दिसतो आणि मागे नुसता गढूळ गाळ.

५. पहिली वीस मिनिटं: सूर्य समोर ठेवून

आता थव्याकडे धावायचं नाही. सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या दिशेने तोंड करून काळ्या आकृत्या काढायच्या. फ्लेमिंगोची मान आणि पाय नुसत्या सावलीतही ओळखू येतात, कोळ्याची होडी, जाळं टाकणारा माणूस, पाण्यातल्या बाभळीची वठलेली खोडं, हे सगळं याच वेळी. मोबाईलवाल्यांनाही हीच वेळ, झूम न करता.

एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) सूर्याच्या बाजूच्या आभाळावर घ्या आणि एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, कमी करा, नाहीतर केशरी रंगाचा पांढरा डाग होतो. दोन पक्ष्यांच्या आकृत्या एकमेकींत मिसळल्या तर चार पायांचा एकच प्राणी दिसतो, म्हणून मधे आभाळ दिसेपर्यंत थांबा. आणि क्षितिज सरळ ठेवा, व्ह्यूफाइंडरमधली आडवी रेघ चालू करा. पाण्याचं क्षितिज तिरकं आलं की बघणाऱ्याच्या डोळ्याला लगेच टोचतं.

कोळ्याचा जवळून फोटो काढायचा तर आधी हात करून विचारा. बिचारा रात्रभराच्या कामाच्या शेवटाला असतो, त्याची जाळी ओढली जाऊ नये म्हणून थर्मोकोलचे तरंगणारे तुकडे दिसले की बोट वळवायला सांगा.

६. वारा आणि ऊन, दोन्ही पाठीशी

बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. फ्लेमिंगोसारखा मोठा पक्षी तर पाण्यावर धावत धावत वाऱ्याच्या विरुद्ध उडतो. मग वारा तुमच्या पाठीवरून पक्ष्याकडे जात असेल तर पक्षी तुमच्या दिशेने उडेल, आणि ऊनही पाठीमागून असेल तर त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल. वारा तुमच्या तोंडावर असेल तर तुम्हाला शेपट्यांचेच फोटो मिळणार, हजार काढले तरी. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून येतो, आणि सूर्यही पूर्वेला, म्हणजे थव्याच्या पूर्वेकडे बोट नेली की दोन्ही जमतात. पण गृहीत धरू नका, पाण्यावरची लहर बघा, गालाला गार कुठून लागतंय ते बघा, नावाड्याला विचारा. हे मला कळायला तीन सीझन गेले, तोपर्यंत मी बोट सरळ थव्याकडे न्यायला सांगत होतो.

आता जायचं कसं. लांबून मोठा वळसा घालून पूर्वेकडे या. शंभर-दीडशे मीटरवर इंजिन बंद. तिथून बांबूने, आणि सरळ थव्यावर नाही तर तिरकं, जणू त्यांच्या बाजूने पुढे निघून जाताय असं. दहा-पंधरा मीटर पुढे, मग दोन मिनिटं थांबा. परत थोडं. बोलायचं नाही, हात वर करून दाखवायचं नाही.

थवा काय सांगतोय ते बघत राहा. माना खाली पाण्यात, म्हणजे खाणं चालू आहे, सगळं ठीक. चार-पाच माना वर आल्या, थांबा. बऱ्याच माना वर, सगळे एका दिशेला चालायला लागले, बदकांसारखा गलका सुरू झाला, तर तुम्ही जास्त जवळ आलात. बोट मागे घ्यायला सांगा, लाज वाटायचं कारण नाही. पाच-दहा मिनिटांत परत माना खाली जातात, आणि त्यानंतर ते तुमची बोट सहन करतात.

इशारा: "अजून जवळ घ्या ना दादा" हे वाक्य तोंडातून काढू नका. नावाडी तुमच्या पैशावर आलेला असतो, तो नाही म्हणायला कचरतो. आणि थवा मुद्दाम उडवायला सांगणं तर साफ चूक. इथे त्यांना खायला मिळतं म्हणून ते आलेत, दिवसातून दहा बोटींनी दहा वेळा उडवलं तर ते खाणार कधी? उडवलेला थवा पाठ करूनच जातो, म्हणजे फोटोही मिळत नाही. ड्रोनही नको.

थांबलात की एक्स्पोजर बघा. पक्षी पांढरा, पाणी गडद, कॅमेरा पाण्याकडे बघून फोटो उजळ करतो आणि पिसं जळतात. दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा, एक फोटो काढून लुकलुकणारी हायलाइटची खूण (जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती) बघा. पक्ष्यामागे उजळ आभाळ आलं की उलट, एक स्टॉप वाढवायचा.

फ्रेममध्ये पूर्ण पाय आणि पूर्ण प्रतिबिंब घ्या, नाहीतर दोन्ही सोडून नुसती मान-चोच घ्या. अर्धा पाय कापलेला फोटो नंतर काही करून सुधारत नाही. लांब पायांच्या पक्ष्याला कॅमेरा उभा धरायची सवय लावा. थव्यात करडे-मळकट दिसतात ती पिल्लं, गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो, त्यांना "घाण दिसतात" म्हणून टाळू नका, मोठ्या पक्ष्यांसोबत एक तरी फ्रेम घ्या.

७. उड्डाण: वाट बघून

न उडवता उडतील का? उडतात. खाण्याची जागा बदलायला लहान लहान गट आपणहून उठतात. आधी माना ताठ, मग चालणं, आवाज, मग पळापळ. तुम्ही शांत असताना, बोटीपासून लांब जाण्याचा त्यात हेतू नसताना हे सुरू झालं तर तयार राहा.

शटर १/२००० वर आहे का बघा. पळायला लागले तेव्हापासून फोकस धरून ठेवा, बटण लगेच दाबून बसू नका. सुरुवातीलाच बर्स्ट (सलग फोटो) सोडला की कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे तात्पुरती मेमरी, भरतो आणि पंख पूर्ण उघडतात तेव्हा कॅमेरा गप्प. तीन-चार फोटोंचे छोटे बर्स्ट. पंख वर असताना आतली गुलाबी आणि काळी बाजू दिसते, ती फ्रेम हवी. पक्ष्याच्या पुढे जागा जास्त, मागे कमी. झूम थोडं बाहेर ठेवा, कारण गळ्यापासून पायापर्यंत ताणलेला फ्लेमिंगो आपल्याला वाटतो त्यापेक्षा लांब असतो, आणि पंख दीड मीटरच्या आसपास पसरतात.

८. परतताना बाकीचे

आठ-साडेआठनंतर थवा सोडा. पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) काठावरच्या गवतात असतात, हिमालय ओलांडून येणारे पाहुणे, त्यांना माणसाचा संशय लवकर येतो. चित्रबलाक, चमचा, राखी बगळे, थापट्या बदकं सोपी. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला की बदकं आपोआप उठतात, त्याच्यावर लक्ष ठेवा. नदी सुरय आणि कवड्या खंड्या पाण्यात सूर मारतात, त्यांना शटर १/३२०० लागतं.

इशारा: कुरव (सीगल) पक्ष्यांना शेव-फरसाण टाकून बोटीभोवती जमवतात, फोटो छान येतात म्हणून. करू नका. तेल-मिठाचं ते त्यांचं खाणं नाही, बाकीच्यांनाही ती सवय लागते. बोटीमागे कुरव तशीही येतात, मासेमारीची होडी जवळ असेल तर भरपूर.

लेन्स बोटीत बदलू नका. पाणी उडालं तर पंच्याने टिपायचं, पुसायचं नाही.

९. घरी आल्यावर

त्याच रात्री कार्ड दोन ठिकाणी उतरवा, मग झोपा. निवड दुसऱ्या दिवशी करा, कारण त्या दिवशी सगळेच आवडतात. डोळा धारदार नाही तो फोटो काढून टाका, कितीही जीव गुंतला असला तरी. हजारातून पंधरा राहिले तर पुष्कळ झाले.

एडिटिंगमध्ये क्षितिज, मग एक्स्पोजर, मग क्रॉप, सगळ्यात शेवटी रंग. गुलाबीची सॅच्युरेशन ओढून पक्षी आइस्क्रीमसारखा करू नका, उजनीचे फ्लेमिंगो फिकटच असतात आणि तसेच सुंदर दिसतात.

एका वहीत लिहून ठेवा: तारीख, उजनीची टक्केवारी, वारा कुठून, थवा कुठल्या गावासमोर, किती वाजता ऊन कडक झालं. आणि दोन-तीन चांगले फोटो नावाडी दादाला पाठवा, त्यांच्या स्वतःच्या बोटीचा एखादा असेल तर तो आधी. पुढच्या जानेवारीत पाणी कधी उतरलं हे विचारायला मग बिनधास्त फोन करता येतो.